नादारीचा अर्ज करण्यापूर्वी: सोलापूरच्या छोट्या व्यावसायिकांसाठी मार्गदर्शन

कर्ज फेडणे खरोखरच अशक्य झालेल्या माणसाला मोकळे करावे आणि ऐपत असूनही हात वर करणाऱ्याला त्याच वाटेने सटकू देऊ नये, ही दोन्ही कामे नादारीच्या कायद्याला एकाच कार्यवाहीत करावी लागतात. सोलापुरात यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल काढणारा कारखानदार, मार्केट यार्डातला छोटा आडत्या किंवा एखाद्या पेठेतला कापड दुकानदार या कायद्याचा विचार करू लागतो, तेव्हा त्याला बहुधा पहिल्याच कामाची ऐकीव माहिती असते. अर्ज दाखल केला की वसुली थांबते, एवढेच त्याच्या कानावर आलेले असते. तपासणीचा भाग त्याला उलटतपासणीला उभे राहिल्यावर कळतो आणि तोवर सुधारण्यासारखे फारसे हातात उरलेले नसते. म्हणून येथे अर्जाच्या मसुद्यापेक्षा अर्जाआधीच्या दोन-तीन वर्षांत काय करावे आणि काय टाळावे यावर भर दिला आहे. या कायद्यातल्या बहुतेक गैरवापरविरोधी तरतुदी शेवटी माणसाने आपला हिशेब उघडा ठेवला होता की नाही हेच तपासतात, असे माझे ठाम मत आहे.

या प्रश्नाशी सोलापूरचा संबंध जुना आहे. १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, त्यानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला आणि तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू केला. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी, म्हणजे पैसे देण्याच्या न्यायालयाच्या निकालापोटी, शेतकऱ्याला अटक करणे त्या कायद्याने बंद केले, कर्जरोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहारापर्यंत जाऊन हिशेब काढण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आणि शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. तिथे तपासणीचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या कागदावर होता. पुढच्या कायद्यांत तो कर्जदाराच्या वहीकडे वळला. दोन्ही बाजूंची ही तपासणी आजही करता येते आणि अर्जदाराने दोहोंचीही तयारी ठेवली पाहिजे.

कोणता कायदा, कोणते न्यायालय

व्यवसाय कोणत्या स्वरूपात चालतो, हे सर्वांत आधी ठरवावे. खासगी मर्यादित कंपनी किंवा मर्यादित दायित्व भागीदारी असेल, तर २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता लागू होते आणि सोलापूरच्या कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे चालते. त्यासाठी किमान थकबाकीची मर्यादा मार्च २०२० मध्ये १ लाखावरून १ कोटी रुपयांवर नेण्यात आली. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कंपन्यांसाठी २०२१ पासून पूर्वनियोजित तडजोडीची वेगळी वाट आहे. तिच्यात १० लाखांची थकबाकी पुरते, १२० दिवसांची मुदत असते आणि तोवर कारभार सामान्यतः मालकाकडेच राहतो.

सरकार हा समतोल कसा बदलत जाते, याचे उत्तम उदाहरण याच संहितेत सापडते. कर्ज बुडवणाऱ्या प्रवर्तकाने लिलावात स्वतःचीच कंपनी स्वस्तात परत घेऊ नये म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये कलम २९अ घालण्यात आले. लघुउद्योगाला मात्र त्याच्या मालकाखेरीज दुसरा गिऱ्हाईक सहसा मिळत नाही, हे लक्षात आल्यावर २०१८ मध्ये अशा उद्योगांना त्या बंदीतून बरीचशी सूट मिळाली. बंदी आणि सूट या दोहोंमागे सबळ कारण होते, हे मान्य केले पाहिजे.

सोलापुरातले बहुतेक छोटे व्यावसायिक मात्र कंपनी नसतात. ते स्वतःच्या नावावर किंवा भागीदारीत धंदा करतात. व्यक्ती आणि भागीदारी संस्था यांच्यासाठी २०१६ च्या संहितेत तिसरा भाग आहे, पण १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आला. बाकीच्यांसाठी मुंबई शहराबाहेरच्या महाराष्ट्रात आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच चालतो आणि त्याखालचा अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा तसा अधिकार दिलेल्या दुय्यम दिवाणी न्यायालयात करावा लागतो. येथून पुढचे विवेचन मुख्यतः याच अधिनियमाविषयी आहे.

आधी धनकोंची यादी, मग निर्णय

नादारीचा निर्णय घेण्यापूर्वी प्रत्येक धनकोची, म्हणजे ज्याचे आपण देणे लागतो त्याची, नोंद करावी. बँक, पतसंस्था, सूत व्यापारी, रंगणावळ, मजुरांची थकलेली मजुरी, नातेवाइकांकडचे हातउसने, भिशी, खासगी सावकार, वस्तू व सेवा कर आणि वीजबिल यांपैकी काहीही वगळू नये. प्रत्येकापुढे मूळ रक्कम, आजवर दिलेले व्याज, तारण आणि जामीनदार यांची नोंद हवी. ही यादी पूर्ण झाल्यावर अनेकदा असे दिसते की नादारीचा अर्ज सर्वांत मोठ्या कर्जाला हातच लावू शकत नाही.

याचे कारण असे की तारणधारक धनकोचा तारणावरचा हक्क या अधिनियमाने जात नाही. कारखान्याची इमारत बँकेकडे गहाण असेल किंवा यंत्रमाग नजरगहाण (ताबा आपल्याकडेच ठेवून तारण दिलेले) असतील, तर नादारीचा आदेश झाल्यावरही बँक त्या मालमत्तेवर कारवाई करू शकते. जामीनदारही सुटत नाही, कारण ऋणकोला मिळालेल्या कर्जमुक्तीचा फायदा जामीनदाराला किंवा सहकर्जदाराला मिळत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. पतसंस्थेच्या कर्जाला मेहुण्याने किंवा शेजारच्या कारखानदाराने सही दिली असेल, तर आपल्या अर्जानंतर वसुलीचा सगळा भार त्याच्यावर पडेल. त्याला हे आधी सांगणे हे मी कर्तव्य मानतो आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे आहे. अशा परिस्थितीत बँकेशी एकरकमी परतफेडीची बोलणी किंवा लोकअदालतीतली तडजोड अधिक उपयोगी पडू शकते.

खासगी सावकाराचे कर्ज असेल, तर ते निमूटपणे यादीत पूर्ण आकड्यानिशी लिहून टाकू नये. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घेतलेली स्थावर मिळकत परत मिळवण्यासाठी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, या दामदुपटीच्या जुन्या नियमाची चौकशीही वकिलाकडे करावी. कर्जदाराच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेणाऱ्या न्यायालयाने धनकोचा दावा खरा किती आणि फुगवलेला किती हेही पाहावे, यासाठी हे मुद्दे कागदोपत्री मांडणे हे अर्जदाराचेच काम आहे.

वह्या

सर्वांत जास्त वेळ वह्यांना द्यावा. नादार घोषित होणे तुलनेने सोपे आहे. कर्ज ५०० रुपयांचे असले, किंवा हुकूमनाम्यापोटी अटक झालेली असली, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश कायम असला, की अर्ज करता येतो आणि फेड करण्याची असमर्थता प्रथमदर्शनी दाखवली तरी पुरते. खरी परीक्षा त्यानंतर, कर्जमुक्तीच्या टप्प्यावर होते. कलम ४२ मध्ये न्यायालयाने पूर्ण कर्जमुक्ती नाकारावी अशी कारणे दिली आहेत आणि त्यांपैकी बरीचशी हिशेबाशी निगडित आहेत: नादारीच्या आधीच्या ३ वर्षांत धंद्याला साजेशा वह्या न ठेवणे, नादार झाल्याचे ठाऊक असूनही धंदा चालू ठेवणे, फेडण्याची वाजवी आशा नसताना नवे कर्ज काढणे, मालमत्ता कुठे गेली याचा समाधानकारक खुलासा न करणे. सट्टा, जुगार, अवाजवी उधळपट्टी आणि धंद्याकडे केलेले दुर्लक्ष हीही कारणे आहेत.

मालमत्तेतून विनातारण देण्यांपैकी रुपयाला ८ आणेही निघत नसतील, तर तेही पूर्ण कर्जमुक्ती नाकारण्याचे कारण ठरते. मात्र ही स्थिती आपल्या दोषाविना आली, असे ऋणकोने पटवून दिले तर ते कारण गळून पडते. हीच तरतूद मला या कायद्यात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण सुताचे भाव चढल्यामुळे, मोठ्या गिऱ्हाइकाने माल उचलून पैसे थकवल्यामुळे किंवा घरातल्या दीर्घ आजारपणामुळे बुडालेला माणूस आणि पैसे दुसरीकडे वळवणारा माणूस यांच्यातला फरक तिथेच ठरतो. तो ठरवण्यासाठी न्यायालयापुढे कागदाखेरीज दुसरे भरवशाचे साधन नसते.

म्हणून रोजमेळ, खतावणी, खरेदी-विक्रीची बिले, बँकेचे खातेउतारे, कराची विवरणपत्रे आणि मजुरीचे हिशेब मागच्या ३ वर्षांचे एकत्र करावेत. आपल्याकडे अनेक कारखान्यांत पक्क्या वहीखेरीज उधारीची एक छोटी वही असते, तीही काढावी. ती लपवली आणि एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या वहीत त्याच व्यवहाराची नोंद दाखवली, तर उरलेल्या सगळ्या हिशेबावरचा विश्वास उडतो. वह्या अपुऱ्या असतील तर मागच्या तारखांच्या नोंदी नव्याने तयार करू नयेत. उपलब्ध बिले आणि खातेउतारे यांवरून आजच्या तारखेचे स्वतंत्र विवरणपत्र तयार करावे, ते केव्हा व कशावरून केले हे त्यावर लिहावे आणि जिथे नोंद सापडत नाही तिथे तसे स्पष्ट नमूद करावे. वही नष्ट करणे किंवा तिच्यात खोटी नोंद करणे हा कलम ६९ खाली शिक्षेस पात्र गुन्हा आहे आणि त्यासाठी १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

संकटात न करायच्या गोष्टी

धंदा डगमगू लागला की घरातली वडीलधारी माणसे काळजीपोटी सल्ला देतात की घर बायकोच्या नावावर करून टाक, वडिलोपार्जित हिश्श्याचे हक्कसोडपत्र भावाला लिहून दे. हा सल्ला नुकसानकारक आहे. हस्तांतरणापासून २ वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर असे बक्षीसपत्र कलम ५३ खाली रद्द होऊ शकते. योग्य मोबदला देऊन सद्भावनेने खरेदी करणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. २ वर्षे उलटल्यावरही धनकोंना बुडवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली आव्हान देण्याजोगे राहतेच. शिवाय अशा हस्तांतरणामुळे घर तर जातेच, पण प्रामाणिक म्हणून उभे राहण्याची संधीही जाते आणि हे दुसरे नुकसान अधिक मोठे असते.

दुसरी चूक अधिक समजण्यासारखी आहे. माणूस हाती आलेले शेवटचे पैसे आधी मामाला किंवा मित्राला देतो, कारण त्याला तोंड दाखवायचे असते, आणि सूत व्यापारी व पतसंस्था मागे राहतात. अर्जाआधीच्या ३ महिन्यांत एखाद्या धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देण्याच्या हेतूने केलेली फेड कलम ५४ खाली रद्द होते आणि मामाला ते पैसे रिसीव्हरकडे, म्हणजे नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेल्या व्यक्तीकडे, परत करावे लागू शकतात. कंपन्यांच्या बाबतीत २०१६ च्या संहितेने हीच कालमर्यादा संबंधित व्यक्तींसाठी २ वर्षे आणि इतरांसाठी १ वर्ष ठेवली आहे. ३ महिन्यांची मुदत आता फार तोकडी आहे आणि नातेवाइकांसाठी ती व्यक्तींच्या कायद्यातही वाढवायला हवी, असे मला वाटते.

अर्ज, सुनावणी आणि हाती उरणारे

अर्जात राहण्याचे किंवा धंद्याचे ठिकाण, सर्व धनकोंची नावे, पत्ते आणि रकमा, स्वतःची सर्व मालमत्ता तिच्या किमतीसह, यापूर्वी असा अर्ज केला होता का याची माहिती आणि वह्यांसह सर्व मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्याची तयारी, इतके नमूद असावे लागते. धनकोंना नोटीस जाते आणि ते हजर राहून उलटतपासणी करू शकतात.

ऐकीव माहितीतली सर्वांत मोठी चूक इथे दुरुस्त करायला हवी. १९२० च्या अधिनियमात नुसता अर्ज दाखल केल्याने दावे आणि दरखास्ती (हुकूमनाम्याच्या वसुलीची कार्यवाही) आपोआप थांबत नाहीत. नादार ठरवणारा आदेश झाल्यावरच मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि त्यानंतर धनकोला न्यायालयाच्या परवानगीशिवाय दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेश वेगळा मागावा लागतो. कंपनीच्या हमीदारांना २०१६ च्या संहितेने अर्ज दाखल होताच तात्पुरती स्थगिती देऊ केली आणि जप्ती पुढे ढकलण्यासाठी तिचा गैरवापर होतो, अशी बँकांची तक्रार आहे. अशी आपोआप मिळणारी स्थगिती गरजूला सर्वांत लवकर आधार देते आणि लबाडालाही सर्वांत स्वस्त पडते, त्यामुळे ती किती द्यावी यावर मतभेद होणे साहजिक आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाने केलेल्या दंडाची वसुली या स्थगितीने थांबत नाही, असे ठरवून तिची एक मर्यादा आखली.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जप्त होऊ न शकणारी मालमत्ता नादाराकडेच राहते: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, भविष्यनिर्वाह निधी, मजुराची मजुरी. बँकेकडे नजरगहाण असलेला यंत्रमाग मात्र या सवलतीत बसेल, असे गृहीत धरू नये.

आदेशानंतर

नादारीचा आदेश हातात पडला की काम संपले, असे समजणारे पुष्कळ आहेत. त्या आदेशातच कर्जमुक्तीचा अर्ज किती मुदतीत करायचा हे लिहिलेले असते. ती तारीख चुकली तर आदेश रद्द होऊ शकतो, धनको पुन्हा दरखास्ती चालवू शकतात आणि नवा अर्ज करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी लागते. मधल्या काळात मिळवलेली मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते. नादार असल्याचे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधारी घेणे हा गुन्हा आहे. आज किराणा दुकानातली एका वेळची उधारीही यापेक्षा जास्त होते, म्हणून या काळात उधारी टाळलेलीच बरी.

न्यायालय कर्जमुक्ती पूर्ण देऊ शकते, काही काळ स्थगित ठेवू शकते किंवा पुढच्या कमाईतला वाटा देण्याच्या अटीवर देऊ शकते. पूर्ण मुक्ती मिळाली तरी सरकारची देणी, लबाडीने किंवा विश्वासघाताने काढलेली देणी आणि पोटगी राहतेच. चेक न वटल्याचा फौजदारी खटलाही वेगळा चालू राहतो, त्यामुळे सूत व्यापाऱ्याला दिलेल्या जुन्या चेकचा हिशेब आधीच करून ठेवावा.

वाचक स्वतः धनको असेल आणि समोरचा माणूस खोटी नादारी दाखवत आहे असे त्याला वाटत असेल, तर त्याने आपले कर्ज मुदतीत सिद्ध करावे, संशयित हस्तांतरणाची कागदपत्रे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळवून रिसीव्हरला लेखी द्यावीत आणि रिसीव्हरने नकार दिल्यास न्यायालयाच्या परवानगीने स्वतः अर्ज करावा. त्याला एक बंधनही आहे. केवळ त्रास देण्यासाठी एखाद्याविरुद्ध नादारीचा अर्ज केला, तर कलम २६ खाली त्याच्याकडून १,००० रुपयांपर्यंत भरपाई घेता येते.

५००, ५० आणि १,००० हे आकडे शंभर वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते तसेच ठेवणे, ही माझ्या मते सरकारची गंभीर उणीव आहे. २०१६ च्या संहितेत छोट्या कर्जदारासाठी नव्या सुरुवातीची प्रक्रिया लिहिली गेली, पण तिच्या अटी वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नसणे अशा आहेत, आणि ती अमलातही आलेली नाही. इंग्लंडमध्ये अशाच साध्या प्रक्रियेसाठी कर्जाची मर्यादा २०२४ मध्ये ५०,००० पौंडांपर्यंत वाढवण्यात आली. तिथे दिवाळखोर सामान्यतः १ वर्षात मोकळा होतो, पण लबाडी आढळल्यास त्याच्यावर २ ते १५ वर्षे निर्बंध राहतात. अमेरिकेने २००५ मध्ये उत्पन्नाची चाचणी आणली, म्हणजे कमावत्या कर्जदाराला सहसा सरळ कर्जमाफीऐवजी हप्त्यांच्या योजनेकडे वळवले जाते. सुटकेची वाट छोटी करून लबाडांना स्वतंत्रपणे दीर्घ शिक्षा देण्याची इंग्लंडची पद्धत मला अधिक न्याय्य वाटते, कारण तिच्यात लबाडाच्या भीतीचा भुर्दंड प्रामाणिक माणसाला भरावा लागत नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. जाताना ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, धनकोंची पूर्ण यादी, ३ वर्षांचे खातेउतारे, आलेल्या सर्व नोटिसा व हुकूमनाम्यांच्या प्रती आणि मागच्या २ वर्षांत केलेल्या प्रत्येक हस्तांतरणाची कागदपत्रे सोबत न्यावीत. त्यात एखादे बक्षीसपत्र किंवा नातेवाइकाला केलेली फेड असेल, तर ती पहिल्याच भेटीत वकिलाला सांगावी, म्हणजे अर्जातच तिचा उल्लेख करून खुलासा देता येतो.